सहा खोट्या गाठी

ढोकीजवळची वस्ती,
४ डिसेंबर २०२३

ति. दैवशालाआक्कास,
धाकट्या समृद्धीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. माझा मोबाईल मागच्या आठवड्यात मेंढरांच्या हौदात पडला. ह्यांचा फोन ह्यांच्याबरोबर साखर कारखान्यात जातो. घरात उरला सासूबाईंचा बटणाचा फोन. आत्याबाईंना ऐकायला कमी येतं, म्हणून तो कायम मोठ्या आवाजावर असतो आणि मी बोलायला लागले की त्या समोर बसून गहू निवडतात. अगं, निवडून झालेले गहूसुद्धा पुन्हा निवडतात! म्हणून म्हटलं, सरळ कागद घ्यावा. शाळेत असताना पत्रलेखनाला तू मला दहापैकी चारच दिले होतेस, त्याचा हा सूड समज.

सातवा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रक्त जरा कमी आहे, बाकी ठीक. बाळ लई उंडगं आहे. पहाटे असल्या लाथा हाणतं की माझी झोप खाडकन उडते. तुझ्यावरच जाणार बहुतेक.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दिवाळीपासून आत्याबाई रोज सकाळी, मी चूळ भरायच्याही आधी, एकच विचारतात, सपान पडलं का. मी सांगते. परवा सांगितलं की भूमच्या स्टँडवरच्या एसटीत सगळ्या मेंढ्या बसल्यात आणि तू कंडक्टर होऊन तिकिटं फाडतेस. त्या हसल्या नाहीत. पडलं म्हटल्यावर लगेच वळून आत गेल्या, पुढचं ऐकतच नाहीत. एकदा म्हणाल्या की सपान तुझं नसतंच, पोटातलं बघतंय आणि तुला नुसतं दिसतंय. माझ्या अंगावर काटा आला बघ.

तू विज्ञान शिकवतेस. माणसाला स्वप्नं पडतातच कशाला? आणि जन्माला न आलेल्या बाळाला पडतात का? खरं काय ते लिही. लोभ आहेच तुझा, तो कागदावरच कळव, फोनवर नको.

तुझी,
समृद्धी

भूम,
११ डिसेंबर २०२३

चि. समृद्धीस,
आक्काचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. चाराचे पाच केले, फुगू नकोस.

स्वप्नं का पडतात, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडं नाही. जो छातीठोक सांगतो तो एकतर पुस्तक विकत असतो, नाहीतर ताईत. एवढं कळलंय की आपण झोपलो तरी मेंदू झोपत नाही. दिवसभराचं सामान लावतो, नको ते फेकतो, उद्याच्या भीतीची तालीम करून घेतो. स्वप्नं प्रत्येकाला रोज पडतात, चार-पाच तरी. पण स्वप्न चालू असताना झोप मोडली तरच ते ध्यानात राहतं. जो सलग झोपतो त्याला वाटतं, आपल्याला काही पडलंच नाही.

बाळाचं म्हणशील तर सातव्या महिन्याच्या सुमाराला मिटल्या पापण्यांआड त्याचे डोळे फिरायला लागतात, आपले स्वप्नात फिरतात तसेच. पण बघत काय असेल ते? उजेड पाहिला नाही, माणूस पाहिलं नाही. फार तर तुझा आवाज आणि तुझ्या पोटाची गुरगुर. त्याला स्वप्न म्हणायचं का, हे पुस्तकात नाही. तुझ्या सासूला ठाऊक असेल तर तिनं शास्त्रज्ञांना कळवावं.

पण ही धुरपदाबाई रोज विचारते कशाला? माझ्या मनात पाल चुकचुकली ती इथं. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या सासूनं सुनेची स्वप्नं ऐकून मुलगा की मुलगी ते ठरवून टाकलं. साप दिसला तर हे, फूल दिसलं तर ते. मुलगी ठरली आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेचं दूध बंद. तुझी सासू पुढचं ऐकत नाही म्हणतेस, म्हणजे हवी ती खूण मिळाली की उठत असेल. आणि तिला एकच मुलगा कसा ग? वैजनाथरावांच्या आधी काही नाही, नंतर काही नाही?

तेव्हा एक कर. खरं स्वप्न तिला सांगायचं नाही. पडो न पडो, रोज नवीन ठोकून द्यायचं. एक दिवस वांगी, एक दिवस मोर, एक दिवस तहसीलदार. तिचं सगळं गणित बिघडव.

आई गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे मीच, बाळंतपण भूमलाच होणार. कधी पाठवतात ते विचारून कळव. पाकिटाच्या तोंडाशी माझा एक केस चिकटवलाय. तो जागेवर नसेल तर समज की वाटेत कुणीतरी उघडलंय.

आशीर्वाद आहेत, अक्कलही सोबत पाठवली आहे.

तुझी,
आक्का

वस्ती,
२४ डिसेंबर २०२३

ति. आक्कास,
सा. न. वि. वि.

केस सापडला नाही. कुणी उघडलं, का तुझ्या डोक्यावर आता केसच उरले नाहीत, ते तूच सांग. मी हे पाकीट शितांनी चिकटवलंय, चारी बाजूंनी.

तू सांगितल्यापासून मी रोज थापा मारते. सोमवारी भोपळा सांगितला. मंगळवारी तेरखेड्याचे फटाके आपल्या अंगणात उडवले. बुधवारी तुझा तहसीलदार येऊन चहा पिऊन गेला. आत्याबाईंचं आपलं तेच, पडलं नव्हं, बास, आणि आत. शेवटी मी हळूच मागं गेले. पिठाच्या डब्यामागं खुंटीला घोंगडी टांगलीय, तिच्याखाली काळ्या लोकरीचा दोरा आहे. त्याला त्यांनी एक गाठ मारली, कपाळाला लावला आणि परत झाकून ठेवला.

त्या मेंढ्या सोडायला गेल्यावर मी दोरा काढून बघितला. दिवाळीपासून आज किती दिवस झाले, तितक्या गाठी, फक्त दोन कमी. मधे दोनदा मोकळी जागा. आठवलं, त्या दोन सकाळी मी म्हटलं होतं की काही पडलं नाही, आणि त्या दोन्ही दिवशी बाई दिवसभर माझ्या मागंमागं होत्या. आक्का, खुंटीला अजून एक दोरा होता. जुना, विटलेला, कसर लागलेला. त्याला निम्म्यापर्यंत गाठी आहेत आणि पुढं काहीच नाही, नुसता दोरा. होता तसाच परत टांगून मी बाहेर आले.

ह्यांना विचारलं. हे कशाचीही थट्टा करणारे, पण तोंड फिरवून म्हणाले की आईचा आहे, हात लावू नको. बस्स.

अजून ऐक. पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी सुईण, गजराबाई, हल्ली सारखी येते. दोघी मेंढ्या कोंडायच्या वाघरीच्या जाळीपाशी बसून कुजबुजतात. मी चहा घेऊन गेले की गप्प. काल एवढंच कानावर आलं, की एकदा का सातवा सरला की सुटलो. कशातून सुटायचंय ह्यांना? आणि दुपारी मी जरा आडवी झाले होते, डोळे किलकिले केले तर आत्याबाईंचा तळवा माझ्या पोटावर. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले.

भूमला कधी पाठवता असं विचारलं तर म्हणाल्या, संक्रांतीआधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला भीती वाटते आक्का. माझ्यासाठी नाही, ह्या आतल्यासाठी. लोभ ठेव आणि लवकर लिही.

तुझी,
समृद्धी

भूम,
२९ डिसेंबर २०२३

चि. समृद्धीस,
आशीर्वाद, आणि धीर धर.

केस मी स्वतः चिकटवला होता, डिंकानं. म्हणजे उघडलं. तुझ्या घरात वाचणारं कोण? वैजनाथराव. त्यांच्याही पोटात काय आहे ते मला कळेना झालंय.

तो जुना दोरा कुणाचा, ह्यानं माझी झोप उडाली. तुझ्या आधी त्या घरात दुसरी सून होती का? आमच्या शाळेचे शिपाई शिवलिंगप्पा ढोकीचे, त्यांच्याकडं सहज म्हणून विषय काढला. म्हणाले, वैजनाथचं हे पहिलंच लग्न, माणसं देवासारखी. पण शिवलिंगप्पांना आमचे मुख्याध्यापकही देवासारखेच वाटतात, त्यामुळं ती साक्ष धरत नाही मी.

संक्रांतीचं निमित्त आहे सगळं. पण भांडण नको, तू त्यांच्या घरात आहेस. सतरा तारखेला, संक्रांतीची कर संपल्यावर, मी गाडी करून येते. एकदा इकडं आलीस की परत पाठवायचं का नाही ते मी बघेन. तोवर तोंडावर गोड बोल. आणि स्वप्नं चालू ठेव. एकाही सकाळी पडलं नाही असं म्हणायचं नाही. नाही म्हटलंस की तिला संशय येईल आणि तुझ्यावरची नजर वाढेल.

तुला लहानाची मोठी केली ती काय कुणाच्या खुंटीला टांगायला? जप.

तुझी,
आक्का

वस्ती,
८ जानेवारी २०२४

ति. आक्कास,
सा. न. वि. वि.

पिशवी भरून ठेवली आहे, पलंगाखाली आहे. तिळाचे लाडू झाले, तुझा डबा वेगळा काढलाय. ह्यांची रोज पाळी असते, हंगाम जोरात आहे.

थापा मारणं आता जड जायला लागलंय. आधी खऱ्याची खोटी करायला मजा यायची. आता खरी यायचीच थांबलीत, चार दिवस झाले. झोप मात्र झकास लागते, पडले की थेट सकाळी जाग. बाळही शहाणं झालंय, पहिल्यासारखं लाथा मारून उठवत नाही. तुझा धाक बसला वाटतं.

आज काही सुचेना, म्हणून सांगितलं की स्वप्नात तू बोहल्यावर उभी होतीस. आत्याबाई गाठ मारायला गेल्या, पण दारात थांबून माझ्याकडं बघत राहिल्या. ओळखलं असेल का ग? काल त्यांनी सगळ्या दुधाची साय मलाच काढून दिली. मुलगी असेल असं ठरवलेली बाई साय देईल का? मला काहीच कळेनासं झालंय. तू ये लवकर.

तुझ्या वाटेकडं डोळे लावलेली,
समृद्धी

भूम,
२० जानेवारी २०२४

ति. धुरपदामावशींस,
दैवशालाचा शि. सा. नमस्कार.

धाराशिवच्या दवाखान्यात तीन दिवस मी तुमच्या शेजारच्या बाकावर होते आणि एक शब्द बोलले नाही. तुम्ही पाठ करून बसला होता, मला ते बरंच वाटलं. समोर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून लिहिते.

समृद्धीचं शेवटचं पत्र मला अकरा तारखेला, शाळेच्या मधल्या सुट्टीत मिळालं. स्वप्नं थांबलीत, झोप सलग लागते, बाळ शहाणं झालंय. वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. झोप मोडली तरच स्वप्न ध्यानात राहतं, हे मीच तिला शिकवलं होतं. तिची झोप मोडत कोण होतं? बाळ. त्याच्या लाथा थांबल्या, म्हणून तिची जाग थांबली, म्हणून स्वप्नं थांबली. पुस्तकातलं मी अठरा वर्षं फळ्यावर लिहिते आहे, पण त्याचा अर्थ तुमच्या दोऱ्याला कळला होता, मला नाही.

वैजनाथरावांना फोन लावला तर ते म्हणाले, आईनं सकाळीच रस्त्यावरची जीप अडवून तिला नेलं. पोटातलं पाणी कमी झालं होतं, त्याच दिवशी बाळ बाहेर काढावं लागलं; अजून उशीर झाला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं.

मावशी, ती खोटी स्वप्नं माझी आहेत. रोज खोटं सांग, नाही म्हणू नको, हे मी पत्रातून लिहिलं. तिला रागावू नका. तुमच्यावर मी काय काय संशय घेतला ते लिहिलं तर तुम्ही मला दारात उभं करणार नाही. तो दुसरा दोरा कुणाचा, हे विचारायचं तोंडही मला उरलं नाही.

लोभ मागत नाही. राग आहे तो असू द्या, पण तोडू नका.

तुमची,
दैवशाला

धाराशिव, दवाखान्यातून,
३० जानेवारी २०२४

(आक्का, लिहिणारी मी समृद्धी. आत्याबाई सांगतात तसंच लिहिते. एक शब्द बदलू देत नाहीत.)

मास्तरीणबाईस धुरपदाचा रामराम.

तुमचं पत्र पोरीनं वाचून दावलं. मग म्या वैजनाथाकून पुन्यांदा वाचून घेतलं. म्हणलं, ही परत खोटं वाचतीया का काय. दोन्ही बारी सारकंच निघालं, तवा इसवास बसला.

तुमी सौंशय घेतला म्हणता, तर म्या बी घेतलाच की. तुमचं पाकीट आलं की पोरीचं तोंड बदलायचं. वाटायचं, ही बाई पोरीला फोडतीया, एकदा भूमला नेली की माघारी धाडायची न्हाय. त्यो केस म्याच काढला. मला वाचाया येत न्हाय, नुस्ती अक्षरं बघितली आन् पुन्यांदा चिकटवलं. वैजनाथाचा त्यात हात न्हाय, त्याला उगं नावं ठिवू नका.

जुना दोरा माझा हाय. वैजनाथाच्या आदी माझ्या पोटात एक पोरगी हुती. तवा आमी मेंढरामागं फिरत हुतो. माझ्या आयनं सांगितल्यालं, पोटातलं सपान बघतंय तवर त्याची काळजी न्हाय, रोज सकाळी एक गाठ मार, मंजी इसरायचं न्हाय. सातव्यात माझ्या गाठी थांबल्या. नऊ दिस. म्या सासूला सांगितलं, दादल्याला सांगितलं. समदी हसली. सपान पडंना म्हणून कुणी दवाखाना गाठतं व्हय, म्हणाली. एकट्या गजराबाईनं पोटाला हात लावला आन् खाली बघितलं. पोरगी आली ती निजल्यावानीच आली. त्यापायी सातवा सरूस्तवर आमा दोघीच्या जिवात जीव नव्हता. सातवा सरला, म्हणलं सुटलो, आन् आठव्यात हे.

मला वांगी दिसली का मोर दिसला त्याच्याशी काय करायचंय? पडलं, येवढंच पायजे हुतं.

आता कडू बोलती, पोरगी लिवायला बिचकतीया, पर लिव म्हणलंय. दोन दिस दुपारी म्या पोटावर हात ठिवला, हाताला काय लागंना. पर दोरा म्हणत हुता, गाठ हाय. म्या माझ्या हातावर इसवास ठिवला न्हाय, दोऱ्यावर ठिवला. त्ये दोन दिस तुमचे हायेत. त्याची माफी म्या आज देत न्हाय. तिसऱ्या दिशी सकाळी पोरीला बाळाची आण घातली, तवा तिनं रडून समदं सांगितलं.

बाळ बरं हाय. पोरगी हाय ती तुमी बघून गेलाच. दीड किलोची हुती, आता जरा अंग धरतीया. काचंच्या पेटीतनं काढून रोज दुपारी तिला आईच्या उराशी देत्यात, न्हायतर माझ्या. म्या तिच्या तोंडाकडं बघत बसती. निजली की पापणीखाली बुबुळ फिरतं, व्हट मुरडती, मधीच हसती, मधीच दचकती. पोटातलं सपान बघतं का न्हाय ते पुस्तकात न्हाय, असं तुमी लिवलं हुतं म्हणं. आवं, ही अजून पोटातच असायची हुती, दोन म्हैनं तरी. तवा लिवून घ्या, बघतं. म्या बघितलंय.

घरी सोडलं की तुमी या. तिळाचा डबा पोरीनं ठिवलाय. पर खायच्या आदी एक काम हाय. दोऱ्याला सहा गाठी खोट्या हायेत, शेवटच्या सहा, सपान पडलंच नव्हतं त्या दिसांच्या. लोकरीची गाठ लई घट बसती, नखं मोडत्यात, डोळ्याला पाणी येतं. त्या तुमीच सोडवायच्या, माझ्या म्होरं बसून. बाकीच्यास्नी हात लावायचा न्हाय. त्या खऱ्या हायेत.

अंगठा,
धुरपदाबाई